गाठ काय सांगते? कॅन्सरच्या एका आकड्याचा इतिहास, मुळशीतून

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले माझे "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करतो. हिंजवडी कुठल्या तालुक्यात येतं? रोज तिथल्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास काढणाऱ्यांनाही पटकन सांगता येत नाही. उत्तर आहे मुळशी. ज्या तालुक्याचं ठाणं पौडला आहे, जिथे भाताची खाचरं आहेत, ताम्हिणीचा पाऊस आहे आणि एक मोठं जुनं धरण आहे, त्याच तालुक्याच्या एका कोपऱ्यात हा आयटी पार्क उभा आहे.

आता समजा, त्या आयटी पार्कातल्या एखाद्या मुलीने लॅपटॉप उघडला. अमेरिकेत २००६ मध्ये 'द कॅन्सर जीनोम ॲटलस' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात ३३ प्रकारच्या कॅन्सरच्या ११ हजारांहून जास्त रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. नावं काढून टाकलेली ही माहिती, निदान तिचा बराचसा भाग, कुणालाही फुकट डाउनलोड करता येतो. एका रकान्यात गाठीतलं अमुक जनुक किती काम करत होतं ते, दुसऱ्या रकान्यात तो रुग्ण किती दिवस जगला ते. थोडासा कोड लिहिला की स्क्रीनवर दोन रेघा येतात. हे जनुक जोरात असलेले रुग्ण खालच्या रेघेवर, शांत असलेले वरच्या रेघेवर. चहा गार व्हायच्या आत काम तमाम.

आजचा भाग त्या दोन रेघांच्या इतिहासाचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. "तुमच्या गाठीवरून तुमचा धोका इतका" असं सांगणारा आकडा दुसऱ्या माणसांपासून बनतो. त्यांची गाठ कुणीतरी जपून ठेवलेली असते, आणि त्यांची खबरबात कुणीतरी वर्षानुवर्षं घेतलेली असते. ज्यांची गाठ जपली गेली नाही, ज्यांच्याकडे परत कुणी फिरकलं नाही, त्यांच्याबद्दल त्या आकड्याला फारसं काही ठाऊक नसतं.

धरण आणि हॉस्पिटल

गोष्ट मुळशीतच सुरू करू. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या वीज कंपनीला मुळा नदीवर धरण बांधायचं होतं, त्यासाठी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची जमीन जाणार होती आणि त्यांना कुणी धड विचारलंही नव्हतं. त्या दिवशी मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच 'सेनापती बापट' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या सोबतीला होते. लढा तीनेक वर्षं चालला, माणसं तुरुंगात गेली, आणि शेवटी धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला नेलं, तिथे वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली. खोऱ्यातल्या जमिनी पाण्याखाली गेल्या.

त्या वेळी टाटा समूहाचे प्रमुख होते सर दोराबजी टाटा. १९३१ मध्ये त्यांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दोराबजींनी त्यांच्या नावाने रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट' काढला आणि स्वतःची जवळजवळ सगळी संपत्ती धर्मादाय कामाला दिली. १९३२ च्या जूनमध्ये तेही गेले. पुढे त्यांच्या ट्रस्टने परळला कॅन्सरचं हॉस्पिटल बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल सुरू झालं.

धरणाच्या विजेच्या पैशातून हॉस्पिटल झालं, असा सरळ हिशेब मी मांडत नाहीये. पण दोन्ही ठिकाणी माणसं तीच आहेत. शंभर वर्षांपूर्वी मुळशीला ज्या घराण्याने जमिनीवरून उठवलं, त्याच घराण्याने उभ्या केलेल्या हॉस्पिटलात आज मुळशीतली माणसं पहाटेची गाडी धरून जातात. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. एका बाजूने वाचला तर अर्धाच कळतो.

धोतराचा कॅन्सर

टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळा ज्यांनी उभ्या केल्या, त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन, त्याला रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा डॉक्टर. आजही बायोप्सीचा रिपोर्ट तोच लिहितो.

खानोलकरांना एका गोष्टीचा ध्यास होता. इथल्या माणसांचे कॅन्सर इथेच, त्यांच्या राहणीमानासकट बघायचे. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी एक लेख लिहिला. त्यात कमरेला वर्षानुवर्षं धोतर करकचून बांधल्यामुळे त्याच जागी होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरचं वर्णन होतं. लंडनच्या पुस्तकात हा आजार सापडला नसता, कारण लंडनमध्ये धोतर कोण नेसतंय? हा धोतराचा कॅन्सर डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये एका पुणेकर बाईंनी पीएच. डी. केली. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ. जन्म पुण्यातला, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. काही वर्षांपूर्वी गूगलने त्यांच्या वाढदिवसाला डूडल केलं होतं, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं असेल. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जगवायचं तंत्र तिथे शिकल्या. परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या उंदरांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं: अनुवंशाचा वाटा किती, हार्मोनचा किती, विषाणूचा किती. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता जॉर्ज गाय हे नाव आणखी एका कारणाने प्रसिद्ध आहे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या गाठीतल्या पेशी त्यांच्या प्रयोगशाळेत आल्या. त्या पेशी आजही जगभर वाढवल्या जातात. हेन्रिएटाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्या तर त्याच वर्षी गेल्या, पण घरच्यांनाही वीसेक वर्षं पत्ता नव्हता. मुळशीची जमीन आणि त्या बाईंची गाठ या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पण "आधी विचारलं होतं का?" हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

पायऱ्यांची रेघ

आता त्या स्क्रीनवरच्या दोन रेघांकडे येऊ. त्या सरळ उतरत नाहीत, जिन्यासारख्या पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात. ही पद्धत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोघांनी १९५८ मध्ये मांडली.

त्यांच्यासमोर अडचण कुठली होती? समजा १०० रुग्णांवर उपचार झाले. पाच वर्षांनी किती जगले? सोपं वाटतं. पण त्यातले काही गेल्याच वर्षी आलेत, त्यांची पाच वर्षं अजून झालीच नाहीत. काही गावी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांना जिवंत धरायचं की मेलेले? कॅप्लन आणि मायर यांनी सांगितलं की ज्या दिवसापर्यंत माणसाची खबर आहे, त्या दिवसापर्यंत त्याला हिशेबात धरा, आणि पुढे बाजूला काढा. कुणी गेलं की रेघ एक पायरी खाली येते. खबर तुटली की रेघेवर फक्त एक बारीक खूण येते.

ही युक्ती जबरदस्त आहे, पण तिची एक अट आहे. खबर तुटण्याचा आणि आजार बळावण्याचा संबंध नसावा. आपल्याकडे नेमकं हेच गडबडतं. तब्येत ढासळली, पैसे संपले, आता काय उपयोग म्हणून घरच्यांनी परळच्या फेऱ्या थांबवल्या, असा रुग्ण आलेखावर फक्त एक खूण होऊन राहतो. म्हणून मला बार्शीचं काम फार मोठं वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते रुग्ण येईल म्हणून वाट बघत बसले नाहीत. ते गावोगाव गेले, घरी जाऊन विचारलं, वहीत लिहिलं.

वायरिंग आणि दिवे

आता जनुकं. आपल्या प्रत्येक पेशीत साधारण २० हजार जनुकं असतात. डोळ्याची पेशी घ्या नाहीतर यकृताची, जनुकं तीच. मग पेशी वेगळ्या कशा? असं समजा की सगळ्या घरांमधलं वायरिंग एकसारखं आहे, पण प्रत्येक घरात वेगवेगळे दिवे चालू आहेत. वायरिंग म्हणजे डीएनए. कुठला दिवा चालू आणि किती प्रखर, हे पेशीतल्या आरएनएवरून मोजता येतं. जनुक काम करायला लागलं की त्याच्या आरएनएच्या प्रती निघतात. प्रती जास्त म्हणजे दिवा प्रखर.

१९९५ पर्यंत एका वेळी एखाद-दुसरा दिवा मोजता यायचा. त्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक ब्राउन यांच्या गटाने काचेच्या पट्टीवर जनुकांचे ठिपके मांडून अनेक दिवे एकदम मोजायचं तंत्र दाखवलं. हे मायक्रोअरे. थोड्याच वर्षांत एका पट्टीवर हजारो ठिपके बसायला लागले.

१९९९ मध्ये टॉड गोलब आणि सहकाऱ्यांनी रक्ताच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार निव्वळ जनुकांच्या हालचालीवरून वेगळे करून दाखवले. ज्या आजाराने मेहेरबाई गेल्या, तोच आजार, जवळजवळ ७० वर्षांनी. २००० मध्ये चार्ल्स पेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की 'स्तनाचा कॅन्सर' हा एक आजार नसून त्याखाली निरनिराळी कुळं आहेत. पुढच्याच वर्षी दिसलं की या कुळांतल्या बायकांचं पुढचं आयुष्यही सारखं जात नाही.

मग ॲमस्टरडॅम. तिथल्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठी गोठवून ठेवायची पद्धत होती. पुढे याचं काय होणार हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण गाठी होत्या आणि त्या बायकांचं पुढे काय झालं याची नोंदही होती. २००२ मध्ये लॉरा व्हान ट वेअर आणि सहकाऱ्यांनी त्यातून ७० जनुकांची यादी काढली. ही यादी बघून कुणाचा कॅन्सर पुढे शरीरात पसरेल याचा अंदाज बांधता येत होता. त्याच वर्षी ही यादी २९५ रुग्णांवर लावून पाहिली, आणि तिथेही ती चालली.

अमेरिकेत याच सुमारास दुसरी वाट निघाली. गोठवलेली गाठ सगळीकडे कुठून मिळणार? पण मेणात बसवलेला 'ब्लॉक' प्रत्येक पॅथॉलॉजी विभागात असतो. तोच, जो तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर "ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या" म्हणून आणायला सांगतात. त्या ब्लॉकमधून २१ जनुकं मोजायची आणि शंभरपैकी एक गुण द्यायचा. २००४ मध्ये ६६८ रुग्णांच्या जुन्या ब्लॉकवर ही चाचणी तपासली. कमी गुण असलेल्यांपैकी ६.८ टक्के बायकांचा कॅन्सर १० वर्षांत दूरवर पसरला होता, जास्त गुण असलेल्यांपैकी ३०.५ टक्के.

दोन इशारे

इथपर्यंत ऐकून वाटेल, झालं, गाठ बोलायला लागली. पण इथेच दोन गोष्टी घडल्या, आणि डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या ऐकायला हव्यात.

पहिली ड्यूक विद्यापीठातली. २००६ च्या सुमाराला तिथल्या अनिल पोट्टी या डॉक्टरच्या गटाने मोठमोठे दावे केले. जनुकांच्या हालचालीवरून फुप्फुसाचा कॅन्सर कुणाचा उलटेल, कुणाला कुठलं औषध लागू पडेल, हे सगळं आम्ही सांगतो म्हणाले. रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. टेक्ससमधले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स हे दोन संख्याशास्त्रज्ञ तेच आकडे पुन्हा काढायला बसले आणि आकडे जुळेनात. एका ठिकाणी तर जनुकांची अख्खी यादी एक ओळ खाली सरकली होती. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही चूक रोजची ओळखीची आहे, फक्त इथे त्या ओळीच्या पलीकडे माणसं होती. त्यांनी वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं. २०१० मध्ये पोट्टींना जावं लागलं, शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि २०१५ मध्ये सरकारी चौकशीने हा संशोधनातला गैरप्रकार असल्याचं जाहीर केलं.

दुसरी गोष्ट २०११ ची. यात कुणीच लबाडी केली नव्हती, म्हणून ती मला जास्त अस्वस्थ करते. ब्रसेल्समधल्या डेव्हिड व्हेने आणि सहकाऱ्यांनी एक गंमत करून पाहिली. स्तनाच्या कॅन्सरशी काडीचा संबंध नसलेल्या जनुकांच्या याद्या घेतल्या. एक यादी जेवणानंतर हसल्यावर बदलणाऱ्या जनुकांची होती! ती ॲमस्टरडॅमच्याच २९५ रुग्णांवर लावली. रेघा छान वेगळ्या झाल्या. मग डोळे मिटून कुठलीही १०० हून जास्त जनुकं उचलली. तरी अशा दहापैकी नऊ याद्यांनी रुग्णांचं भविष्य 'सांगितलं'.

असं का? कारण गाठ भराभर वाढत असली की पेशी विभागणारी जनुकं जोरात असतात, आणि त्यांच्या मागे बाकीची हजारो जनुकंही वरखाली होतात. पूर आला की नदीकाठच्या सगळ्याच विहिरींचं पाणी चढतं. एका विहिरीकडे बोट दाखवून "पूर हिच्यामुळे आला" म्हणता येईल का? तेव्हा हिंजवडीतल्या त्या लॅपटॉपवर दोन रेघा फाकल्या, म्हणून लगेच शोध लागला असं होत नाही. दुसऱ्या रुग्णांवर, दुसऱ्या ठिकाणी, आधी ठरवून ती चाचणी टिकली पाहिजे.

केमो टळली कुणाची?

काही चाचण्या टिकल्या. त्या २१ जनुकांच्या चाचणीवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१८ मध्ये आले. १०,२७३ बायका त्यात होत्या. हार्मोनवर वाढणारा, एचईआर-२ नसलेला, काखेतल्या गाठींपर्यंत न पोचलेला कॅन्सर. त्यातल्या मधल्या गुणांच्या ६,७११ बायकांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला फक्त हार्मोनच्या गोळ्या, दुसऱ्याला गोळ्या आणि केमोथेरपी. नऊ वर्षांनी पहिल्या गटात ९३.९ टक्के हयात होत्या, दुसऱ्यात ९३.८ टक्के. म्हणजे त्यांतल्या बहुतेकींना केमो देऊन काही साधलं नसतं. केस गेले असते, उलट्या झाल्या असत्या, पैसे गेले असते. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र गुण मधल्याच्या वरच्या टोकाला असतील तर केमोचा थोडा फायदा दिसला. पुढे काखेतल्या एक ते तीन गाठींपर्यंत पोचलेल्या कॅन्सरवरच्या प्रयोगातही पाळी न गेलेल्या बायकांना केमोचा फायदा झाला.

या आकड्याची खरी कमाई ही आहे. कुणाला किती दिवस उरले हे सांगायला तो फारसा कामाचा नाही. केमो कुणाला टाळता येईल हे सांगायला कामाचा आहे.

आता धोतराचा कॅन्सर आठवा. तो १०,२७३ बायकांचा प्रयोग सहा देशांत झाला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि पेरू. भारत त्यात नव्हता. आपल्याकडे बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर होतो. म्हणजे पन्नाशीच्या आतल्या, पाळी न गेलेल्या बायका आपल्याकडे जास्त, आणि नेमकं त्यांच्याचबाबतीत आकड्याचा अर्थ बदलतो. शिवाय ज्याला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात, तो प्रकार आपल्याकडे सुमारे ३० टक्के आढळतो, तिकडे १० ते १५ टक्के. आणि ट्रिपल निगेटिव्ह असेल तर ही २१ जनुकांची चाचणी लागूच होत नाही.

हे मी घरात पाहिलंय. माझी मावशी पौडच्या पुढे राहते. तिचा रिपोर्ट आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी मोबाइलवर या चाचणीबद्दल वाचलं, कुणी वर्गणी काढायचंही बोलायला लागलं, कारण खर्च लाखांत जातो. मावशीने मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, त्यात माझी तारीख लिहून येते का रे?" मी म्हटलं, "नाही गं मावशी, तारीख कुणालाच देता येत नाही. तुझ्यासारख्या शंभर जणींचं काय झालं, तेवढंच सांगतात." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्यासारख्या म्हणजे कुठल्या?"

याच्याइतका नेमका प्रश्न मी कुठल्या शोधनिबंधात वाचलेला नाही. तिचा प्रकार ट्रिपल निगेटिव्ह होता. डॉक्टरांनी सांगितलं, ही चाचणी तुमच्यासाठी नाही, केमो लागेलच. तिने घेतली. गेली चार वर्षं ती दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते आणि येताना पौडच्या बाजारातून भाजी घेऊन येते.

माझ्यासारख्या म्हणजे कुठल्या?

या प्रश्नावर आपल्याकडे काम चालू आहे. बंगळुरूत डॉ. मंजिरी बाकरे यांच्या 'ऑन्कोस्टेम' कंपनीने भारतीय रुग्णांच्या गाठी घेऊन एक चाचणी तयार केली. ती आरएनएऐवजी पाच प्रथिनं मोजते आणि त्यांना गाठीचा आकार वगैरे तीन गोष्टींची जोड देते. तीही हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारासाठीच आहे, पण खर्च परदेशी चाचणीपेक्षा बराच कमी.

आणि अगदी आपल्या शेजारी बघा. लवळ्याहून नांदे, सूस करत पाषाणला उतरलं की आयसर पुणे ही संस्था आहे. तिने आणि पुण्याच्या प्रशांती कॅन्सर केअर मिशनने मिळून कॅन्सर संशोधनाचं एक केंद्र उभं केलंय. प्रशांतीचं काम डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर बघतात. तिथे स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींची बायोबँक आहे: रुग्णाच्या संमतीने घेतलेले नमुने, आणि त्यांच्यासोबत उपचारांची आणि पुढच्या तब्येतीची नोंद. ॲमस्टरडॅममध्ये ज्या साठ्यावर सगळी गोष्ट उभी राहिली, तसाच साठा, पण आपल्या बायकांचा. ट्रिपल निगेटिव्हवर तिथे खास लक्ष आहे.

मग तुमच्या घरात कधी हा विषय आलाच, आणि कधी ना कधी बहुतेक घरांत येतोच, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ही चाचणी कॅन्सरच्या कुठल्या प्रकारासाठी आहे आणि आमचा प्रकार तो आहे का? आमच्या वयाच्या बायकांवर ती तपासली आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, निकाल काहीही आला तरी उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल, तर ते पैसे प्रवासाला, खाण्यापिण्याला आणि औषधांना ठेवा.

संमतीचा कागद समोर आला तर तो वाचा. गाठ कुठे ठेवणार, कशासाठी वापरणार, कोण वापरणार, हे बिनधास्त विचारा. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि नाही म्हटलं म्हणून उपचार थांबत नाहीत. मुळशीच्या शेतकऱ्यांना आणि हेन्रिएटाबाईंना न मिळालेली संधी तुम्हाला मिळते आहे, तर प्रश्न विचारून मगच सही करा.

आणि एक शेवटचं. उपचार संपल्यावर वर्षाने, दोन वर्षांनी हॉस्पिटलातून फोन येतो, "आई कशा आहेत?" अनोळखी नंबर म्हणून तो कापू नका. उचला, खरं सांगा, चांगलं असो की वाईट. तुमच्या त्या दोन वाक्यांनी आलेखावरची एक रेघ थोडी खरी होते, आणि पुढे कुणा दुसऱ्या बाईला तिचा उपयोग होतो.

आजच्या भागात एवढंच. प्रश्न असतील तर खाली लिहा. घरच्यांना सांभाळा. भेटू पुढच्या भागात.